आईबाबांचे दात
दात पडले की घरात ‘आता या वयात कशाला खर्च?’ म्हणून विषय संपतो. मग ताटातली भाकरी जाऊन पेज येते. पण इम्प्लांटला नुसतं वय आड येत नाही. आड येते आटोक्यात नसलेली शुगर, हिरड्यांचा आजार आणि आपल्या निपाणी भागाची तंबाखू, मिश्रीसुद्धा. १९६५ मध्ये स्वीडनच्या डॉ. ब्रोनमार्क यांनी पहिल्या रुग्णाच्या जबड्यात टायटॅनियमचे स्क्रू बसवले. ते त्याला मरेपर्यंत, ४० वर्षांहून जास्त पुरले. स्क्रूभोवती हाड घट्ट धरायला साधारण ३ ते ६ महिने लागतात. दात गेल्यावर तिथलं हाड झिजत जातं, म्हणून पुढच्या दिवाळीवर ढकलू नका. मच्छेहून बेळगाव जवळच. तिथे केएलई आणि मराठा मंडळ अशी दोन दंत महाविद्यालयं आहेत. एकदा तपासून तरी आणा. खर्चाचं आम्ही बघतो, हे आधी सांगा.