काच धूसर, घाट समोर

पावसाळी ड्राइव्हचे फोटो तुम्हीही बघितले असतील. ढगात बुडालेला घाट, काचेवरून ओघळणारे थेंब, हातात वाफाळता चहा... एकदम सही! पण त्या फोटोंत एक गोष्ट कधीच दिसत नाही. ड्रायव्हरच्या हातातलं फडकं! कुणाच्या तरी रिटायर झालेल्या टी-शर्टचं, ओलंकिच्च, दर दोन मिनिटांनी पुढच्या काचेवरून फिरणारं फडकं. आपल्याकडे गाडीत एकवेळ जॅक नसेल, पण हे फडकं असतंच. आणि 'पावसात काचेवर वाफ धरणारच, त्यात काय!' हे वाक्यही असतंच.

साध्या कारमध्ये एसी लावला की बहुतेक वेळा काम भागतं. पण गाडी जुनी असेल, काच भिंतीएवढी असेल आणि गाडीच्या पोटात अख्खं घर असेल तर? तेव्हा फडकं पुरत नाही, बॉस.

माझा एक मित्र आणि त्याची बायको, दोघंही हिंजवडीवाले. त्यांनी एक जुनी तेरा सीटर व्हॅन घेऊन तिचं मोटरहोम करून घेतलंय. दोन बेड, छोटा ओटा, गॅसची शेगडी, पाण्याची टाकी, कपड्यांचं कपाट, सगळं आत. राज्य सरकारनं २०२१मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, तेव्हापासून हा शब्द आपल्याकडे जरा ओळखीचा झालाय. पण या दोघांचं कारण पर्यटनाचं नव्हतं. मित्राच्या आईच्या दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशन्स झालीत. सलग सहा-सात तास सीटवर बसणं तिला जमत नाही. तिचं माहेर सावंतवाडीच्या बाजूला. वाटेत आडवं होता येईल अशा गाडीतून आईला माहेरी न्यायचं, हा त्यातला मेन फंडा. आणि तिला जायचं होतं जुलैत. म्हणजे आजऱ्यावरून आंबोली घाट, ऐन पावसात.

त्याआधी ट्रायल म्हणून तिघं ताम्हिणीला जाऊन आले. तिथे काच अशी काही धुरकटली की बायको टॉर्च आणि फडकं घेऊन पुढे वाकलेली, मित्र काचेतल्या पोळीएवढ्या गोलातून रस्ता शोधतोय आणि आई मागे रामरक्षा म्हणतेय. घरी आल्यावर ती एवढंच म्हणाली, "मी आपली एसटीनं जाईन. तुम्ही या मागून."

एका मोठ्या वर्कशॉपनं डॅशबोर्डखालचं अख्खं युनिट बदलायला सांगितलं. एस्टिमेट ३५ हजार, पार्ट यायला तीन आठवडे. मग कुणीतरी कात्रजजवळच्या एका ऑटो इलेक्ट्रिशियन काकांचं नाव सुचवलं. वय साठीच्या पुढे, गॅरेज एका शटरएवढं. कॉलमसाठी खाद्य मिळेल म्हणून मीही शनिवारी सकाळी तिथे हजर!

आधी बोट, मग पाना

काकांनी पहिला प्रश्न विचारला, "वाफ आतून धरते का बाहेरून?" आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. काका म्हणाले, "अहो साहेब, बोट फिरवून बघायचं. आतून रेघ उठली तर आतली. वायपरनं गेली तर बाहेरची."

फरक महत्त्वाचा आहे. एसीची गारेगार हवा थेट काचेवर सोडली की काच थंड पडते आणि बाहेरची दमट हवा तिच्या बाहेरच्या बाजूला वाफ धरते. थंड पेयाच्या ग्लासला बाहेरून पाणी सुटतं ना, सेम टू सेम. अशा वेळी वायपर मारायचा आणि आतलं तापमान थोडं वाढवायचं. आपण नेमकं उलटं करतो, एसी अजून वाढवतो. आतली वाफ मात्र वेगळी. काच बाहेरच्या पावसानं गार झालेली असते आणि आपला श्वास, ओले कपडे, ओल्या चपला यांचं बाष्प तिच्यावर जाऊन बसतं.

इथे थोडं विज्ञान, घाबरू नका! ३० अंशांच्या हवेत एका घनमीटरला साधारण ३० ग्रॅम वाफ मावते. तीच हवा २० अंशांपर्यंत गार झाली की मावते फक्त १७ ग्रॅम. उरलेलं पाणी कुठेतरी बसणारच आणि गाडीतली सगळ्यात गार जागा म्हणजे काच.

मोटरहोममध्ये तर पाण्याची फॅक्टरीच असते. झोपलेला माणूस रात्रभरात श्वासातून आणि त्वचेतून पाव लिटर किंवा त्याहून जास्त पाणी हवेत सोडतो. एलपीजी जळतानाही पाणी तयार होतं, एक किलो गॅसमागे साधारण दीड किलोच्या वर! म्हणजे सकाळी खिडक्या बंद ठेवून चहा आणि मॅगी केली की काचेचा निकाल लागलाच. काकांनी पायाखालचं कार्पेटही उचकटून दाखवलं. खाली चिकचिक ओल! काचेभोवतीचं जुनं रबर एका कोपऱ्यात आकसलं होतं आणि पाऊस तिथून गुपचूप आत येत होता.

हवेचा रस्ता धरून चला

माझी अपेक्षा होती की काका आता डॅशबोर्ड फोडणार. त्यांनी काय केलं? पेपरची एक पट्टी फाडली आणि ब्लोअर फुल करून काचेखालच्या फटीवर धरली. उजवीकडे पट्टी जेमतेम हलली. डावीकडे ती मेल्यासारखी पडून राहिली.

"ताई, एक ध्यानात ठेवा," काका मला म्हणाले. "हवा कुठनं आत येते आणि काचेपर्यंत कशी जाते, त्या रस्त्यानं चालत जायचं. वाटेत कुठे ना कुठे चोर सापडतो."

चालत गेलो. एक नाही, चार चोर सापडले!

पहिला, हवा आत शिरते तिथेच. वायपरखालच्या जाळीत पिंपळाच्या आणि आंब्याच्या पानांचा कुजलेला थर. हातानं काढला तर अर्धी बादली भरली. (तुमच्या गाडीला केबिन फिल्टर असेल तर तोही काढून बघा. काहीजणांनी गाडी घेतल्यापासून त्याचं तोंड पाहिलेलं नसतं.)

दुसरा, करंटमध्ये. इंजिन चालू असताना बॅटरीवर मल्टीमीटर १३.९ व्होल्ट दाखवत होता आणि ब्लोअरच्या मोटरपाशी जेमतेम १०.६. मधले तीन व्होल्ट गेले कुठे? बॉडीला जोडलेल्या अर्थिंगच्या गंजक्या बोल्टमध्ये! व्होल्टेज थोडं उतरलं की पंख्याचा जोर बराच उतरतो. बोल्ट घासला, नवी वायर टाकली आणि ब्लोअरचा आवाज लगेच बदलला. आणखी एक टिप : ब्लोअर फक्त शेवटच्या स्पीडला चालतो आणि आधीच्या स्पीडना गप्प बसतो, अशी तक्रार असेल तर मोटर बदलायची घाई नको. बहुतेक वेळा रेझिस्टर गेलेला असतो आणि तो मोटरपेक्षा खूप स्वस्तात येतो.

तिसरा, घरातलाच! मोटरहोम करताना सुतारानं डॅशबोर्डखाली मोबाइल-चार्जर ठेवायला एक गोंडस कप्पा बसवला होता. त्याच्या मागे डावीकडचा हवेचा पाइप चेपून निसटला होता. म्हणजे अर्धी हवा इतके दिवस कप्प्याच्या मागच्या प्लायवूडला वाळवत होती. मित्राची बायको म्हणाली, "कप्पा माझी आयडिया होती." मित्र शहाणा, काही बोलला नाही.

चौथा सगळ्यात इंटरेस्टिंग. इंजिन गरम झाल्यावर काकांनी हीटरकडे जाणाऱ्या दोन्ही पाइपांना हात लावायला सांगितलं. दोन्ही गार! एक गरम आणि एक गार असता तर हीटर कॉइल तुंबली असा संशय घ्यायचा. दोन्ही गार म्हणजे गरम कूलंट तिथपर्यंत पोचतच नाही. खाली वाकून बघितलं तर कुण्या जुन्या मेकॅनिकनं दोन पाइप परस्पर जोडून हीटरला कायमचा रामराम ठोकला होता. आपल्याकडे हे सर्रास होतं. कुठे गळती दिसली की 'पुण्या-मुंबईत हीटर कशाला लागतोय' म्हणून बायपास.

एसी आणि हीटर एकत्र?

मलाही आधी हा येडेपणा वाटला. पण लॉजिक सॉलिड आहे. एसीच्या थंड कॉइलवरून हवा गेली की तिच्यातलं पाणी कॉइलवर साठतं आणि गाडीखाली टपटपतं. हवा कोरडी झाली, पण गार झाली. तीच हवा पुढे हीटरवरून नेली की कोरडी आणि कोमट होते. अशी हवा काचेवरचं पाणी झपाट्यानं पिते आणि काच इतकी गारही पडत नाही की बाहेरून वाफ धरेल. म्हणून पावसाळ्यात एसी चालू, तापमानाचं बटण मधोमध, हवेची दिशा काचेकडे आणि हवा बाहेरची. आतलीच हवा फिरवत ठेवली, आणि एसी धड नसेल तर तुम्ही तुमच्याच श्वासाचं पाणी काचेवर फवारत बसता.

काकांनी कॉइल स्वच्छ पाण्यानं फ्लश केली, प्रेशर देऊन गळत नाही याची खात्री केली, नवे पाइप आणि क्लॅम्प टाकले. (इंजिन गरम असताना कूलंटचं झाकण उघडायचं नाही, हे त्यांनी आम्हाला तीनदा बजावलं.) हीटर लावल्यावर गोडसर वास आला, काचेवर तेलकट थर जमला आणि कूलंटही उतरायला लागलं, तर कॉइल गळते आहे असं समजायचं. मग ती बदलायचीच.

मित्रानं मध्येच विचारलं, "काका, तो लायटर सॉकेटला लावायचा छोटा हीटर मिळतो, तो लावू का?" काकांनी बिडी विझवली आणि गणित मांडलं. बारा व्होल्ट, फ्यूज पंधरा अँपिअरचा. गुणाकार करा, १८० वॉट. गाडीचा स्वतःचा हीटर काही हजार वॉट उष्णता देतो, तीही इंजिनाची फुकट जाणारी. त्या खेळण्यानं फार तर वहीच्या पानाएवढी काच साफ होईल. त्यापेक्षा डॅशबोर्डवर एक छोटा बारा व्होल्टचा पंखा बरा, ब्लोअरची हवा मोठ्या काचेच्या वरच्या कोपऱ्यांपर्यंत ढकलायला. तसा एक बसवलाही.

संध्याकाळी सहाला काम संपलं. काचेचं रबर धरून बिल सहा हजारांच्या आत. काकांनी पाण्याचा पाइप काचेवर सोडला, आम्ही चौघं आत बसून मुद्दाम जोरजोरात गप्पा मारत राहिलो. खालच्या बाजूनं काच आधी कमानीसारखी मोकळी झाली, मग वरपर्यंत. फडकं कुणीच उचललं नाही.

तुमच्यासाठी होमवर्क

• काच आतून साबणाच्या पाण्यानं धुऊन कोरड्या मायक्रोफायबरनं पुसा. डॅशबोर्डच्या प्लास्टिकचा, सिगारेटचा आणि आपल्या हातांचा चिकट थर काचेवर असतो आणि वाफेचे थेंब त्यावर मजेत बसतात. तळहातानं काच पुसणं आजपासून बंद!

• गाडीत झोपला असाल तर सकाळी काचेवरचं पाणी आधी रबरी वायपरनं ओढून फडक्यात घ्या आणि बाहेर पिळा. नुसत्या गरम हवेनं उडवलं, तर ते गाडीतच राहतं.

• स्वयंपाक करताना आणि झोपताना एक खिडकी बोटभर उघडी ठेवा. ऊब मिळावी म्हणून शेगडी पेटवून ठेवणं तर सपशेल बंद. वाफेचं जाऊ द्या, बंद गाडीत कार्बन मोनॉक्साइडनं जीव जातो.

• ड्रायव्हरच्या सीटमागे जाड पडदा लावा. ब्लोअरला अख्ख्या घराऐवजी फक्त पुढचा भाग सांभाळावा लागतो.

• ओले रेनकोट, छत्र्या आणि मॅट पुढे ठेवू नका. सिलिका जेलच्या पुड्या थोडीफार मदत करतात, पण ओल्या कार्पेटपुढे त्यांचं काही चालत नाही.

• आणि काच तरीही धुरकटली तर? हीरोगिरी नको. घाटात सुरक्षित रुंद जागा बघून गाडी बाजूला घ्या, काच मोकळी होऊ द्या, मग निघा.

आई गेल्या जुलैत सावंतवाडीला जाऊन आली, मोटरहोममधूनच. आंबोलीत ढग इतके उतरले होते की तासभर चहाच्या टपरीवर थांबावं लागलं. काच मोकळी होती, रस्ताच दिसत नव्हता! त्यावर कुठल्याच काकांकडे इलाज नाही. पण निदान आपल्या बाजूचं धुकं तरी कमी असावं, नाही का? या रविवारी पेपरची एक पट्टी फाडा, ब्लोअर फुल करा आणि ती हलते का बघा. पाच मिनिटांचं काम आहे.