खोटे दावे : आधी डॉक्टरची सही तपासा

नुकसानभरपाईच्या खोट्या दाव्यांची चर्चा निघाली की संशय आधी रुग्णावर घेतला जातो. पैशासाठी आजाराचे सोंग आणले असेल, असे सहज बोलले जाते. अमेरिकेतील सिलिकॉसिसच्या खटल्यांत मात्र दोष निघाला तो डॉक्टरांचा.

दगड-वाळूची बारीक धूळ वर्षानुवर्षे फुप्फुसात गेल्याने होणारा हा आजार बरा होत नाही. टेक्सासमधील न्यायालयात न्यायाधीश जॅनिस जॅक यांच्यापुढे अशा सुमारे १०,००० जणांचे दावे होते. त्यांपैकी ९,००० हून अधिक दावेदारांनी आपल्यावर उपचार करणाऱ्या सुमारे ८,००० डॉक्टरांची नावे दिली. पण सिलिकॉसिसचे निदान जवळजवळ सर्वांच्या बाबतीत अवघ्या १२ डॉक्टरांनी केलेले! निम्म्याहून अधिक जणांनी पूर्वी अ‍ॅस्बेस्टॉसिसचाही दावा केला होता. हे दोन्ही आजार एकाच व्यक्तीत आढळणे फार दुर्मीळ. तपासणी कंपन्या एक्स-रे काढत आणि अनेकदा रुग्णाला न तपासताच डॉक्टर सही करत. ही निदाने पैशासाठी तयार केली गेली, असे जॅक यांनी २००५ च्या निकालात स्पष्ट म्हटले. न्यायाधीश होण्यापूर्वी त्या परिचारिका होत्या.

अशा प्रकरणानंतर कागदपत्रांच्या अटी वाढवण्याचा मोह होतो. पण लबाडाची कागदपत्रे नेहमीच पूर्ण असतात. अडतो तो खरा रुग्ण. आपल्याकडे खडी फोडणाऱ्या कामगाराजवळ नोकरीचा साधा पुरावा नसतो. त्याच्या सिलिकॉसिसला अनेकदा क्षयरोग समजून औषधे दिली जातात.

म्हणून चाळणी डॉक्टरच्या सहीला लावावी. त्याने रुग्णाला स्वतः तपासले का? कोणते काम, किती वर्षे केले, हे स्वतः विचारले का? एकाच डॉक्टरने किती प्रमाणपत्रे दिली? एक्स-रे दुसऱ्या तज्ज्ञालाही दाखवावा आणि तो कोणाचा, कशासाठी, हे त्याला सांगू नये. यात रुग्णाला एकही जादा खेटा पडत नाही.

सरकारी रुग्णालयाच्या गर्दीत, ‘काम काय करता?’ हा प्रश्न आम्हा डॉक्टरांकडूनही राहून जातो. खोटा दावा पकडायला आणि खरा रुग्ण ओळखायला, दोन्हींसाठी सुरुवात त्याच प्रश्नापासून करावी लागते.