येलदरीच्या पाण्याचा हिशेब एकत्र व्हावा

संपादक महाशयांस,


पावसाळा सरला की येलदरी जलाशयात किती टक्के साठा झाला, याची वार्ता आपल्या पत्रात येते आणि परभणी, हिंगोली व नांदेड या तिन्ही जिल्ह्यांतील शेतकरी त्या आकड्यावर रब्बीचा मनसुबा रचतात. परंतु तो साठा टिकविणारे डोंगरउतार आणि त्यावर पोट भरणारे मच्छीमार यांचा विचार त्यासोबत होत नाही, म्हणून हे पत्र.

पूर्णा नदीवरील हे धरण १९६८ साली पूर्ण झाले. त्याची एकूण साठवणक्षमता सुमारे ९३४ दशलक्ष घनमीटर असून, पायथ्याशी २२.५ मेगावॅटचे वीजगृह चालवून सोडलेले पाणी खाली सिद्धेश्वर धरणात अडविले जाते व तेथून कालव्यांना मिळते. मात्र पाणी पाटबंधारे खात्याकडे, झाडी वनखात्याकडे आणि मासळी मत्स्यव्यवसाय खात्याकडे, अशी या ठेव्याची वाटणी झालेली आहे.

तिचा परिणाम काठावर दिसतो. उन्हाळ्यात पाणी मागे सरते तसतशी उघडी पडलेली काळी जमीन गाळपेर म्हणून कसली जाते. आणि नांगरटीने भुसभुशीत झालेली तेथील माती, पिकांवर फवारलेल्या औषधासह, मृगाच्या सरींबरोबर नेमक्या त्याच उथळ पाण्यात उतरते, जेथे मासळीची पिले वाढतात. कटला, रोहू, मृगळ या जाती साचलेल्या पाण्यात सहसा वीत नाहीत, म्हणून त्यांची बोटुकली दरवर्षी सोडावी लागते. पण पाणी तळाला गेले आणि बारीक छिद्रांची जाळी पडली, की तो सारा खर्च व्यर्थ जातो.

माणसाची तहान आणि पिकांचे पाणी आधी, मासळी नंतर, असे कोणी म्हणेल, व ते न्याय्यच आहे. परंतु प्रश्न केवळ मासळीचा नाही; जिंतूरच्या उघड्या टेकड्यांवरून वाहून येणारा गाळ जलाशयात साचून शेतकऱ्याच्याच वाट्याचे पाणी कमी करतो. २०१७ साली सुरू झालेली गाळ उपसून शेतात पसरण्याची योजना स्तुत्य आहे. तथापि गाळ येण्याचे थांबविल्यावाचून ते काम अपुरेच राहणार.

ऑक्टोबरच्या मध्यानंतर कालवा सल्लागार समिती पाणी सोडण्याची आवर्तने ठरविते. त्याच बैठकीस वन, महसूल व मत्स्यव्यवसाय खात्यांचे अधिकारी आणि मच्छीमार सहकारी संस्थांचे प्रतिनिधी बोलवावेत. उन्हाळ्यात जलाशयात किमान किती पाणी राखावयाचे, काठचा किती पट्टा नांगराविना ठेवावयाचा आणि कोणत्या उतारांवर समतल चर खणून चराईबंदी करावयाची, हे तेथेच लेखी ठरावे, व तो ठराव आपण साठ्याच्या आकड्यासोबत छापावा, अशी आग्रहाची विनंती आहे.

आपला,
एक वाचक
येलदरी, ता. जिंतूर, जि. परभणी