चिपी ते बेलोरा, व्हाया वाकड

आमच्या वाकडच्या सोसायटीतला मुलगा मालवणचा, त्याची बायको परतवाड्याची. बाळाचं बारसं मालवणला ठरलं. "काका, आता दोन्हीकडे विमानतळ झालेत, आई-बाबांना किती वेळ लागेल?" असं तिनं विचारलं. नकाशे आणि वेळापत्रकं घेऊन बसायची माझी सवय वाचकांइतकीच शेजाऱ्यांनाही ठाऊक आहे.

अमरावतीजवळचं बेलोरा आणि सिंधुदुर्गातलं चिपी, सरळ रेषेत अंतर जेमतेम 700 किलोमीटर. छोटं एटीआर विमान ताशी साधारण 500 किलोमीटरनं जातं, म्हणजे दीड तासाचं काम. पण असं विमानच नाही. चिपीहून 9 ऑक्टोबर 2021 रोजी पहिलं प्रवासी विमान उडालं ते मुंबईसाठी. बेलोऱ्याची सेवा 16 एप्रिल 2025 ला सुरू झाली, तीही मुंबईचीच. केंद्राच्या 'उडान' योजनेतलं अनुदान एका मार्गाला तीन वर्षं मिळतं. तेवढ्यात प्रवासी टिकले नाहीत की मार्ग बंद पडतो.

मला राग येतो तो इथं. गावाला विमानतळ देताना त्या गावची माणसं कुठं गेली आहेत, हे आधी विचारायला हवं. वऱ्हाडातली, मराठवाड्यातली, खानदेशातली आणि कोकणातलीही कितीतरी मुलं पुण्याजवळ हिंजवडीत नाही तर चाकणला कामाला आहेत आणि वाकडला राहतात. सोयरिकी आता इथंच जुळतात. त्यांची गावं एकमेकांना जोडली गेली आहेत ती वाकडमधून, आणि रस्त्यानं.

म्हणून परतवाड्याचे आजी-आजोबा रात्रभर ट्रॅव्हल्सच्या स्लीपर कोचनं वाकडला येणार, दिवसभर पाठ टेकणार आणि पुढं जावयाच्या गाडीतून घाट उतरणार.

ट्रॅव्हल्सचा विषय निघालाच आहे तर बोलतोच. संध्याकाळी भूमकर चौकाकडून वाकड पुलापर्यंत सर्व्हिस रोडनं चालत जाऊन पाहा. नांदेड, लातूर, अकोला, अमरावतीच्या गाड्यांसाठी माणसं कडेला उभी असतात. बॅगा धुळीत, कडेवर पेंगुळलेलं पोर, एका हातात फोन. ड्रायव्हर सांगतो, "पुलाच्या अलीकडे या," मग सांगतो, "पलीकडे या." की सगळा लवाजमा वाहनांच्या गर्दीतून पलीकडे. पिकअप पॉइंट तिकिटावर छापलेला असतो, रस्त्यावर त्याची खूणही नसते. बसायला बाक नाही. गाडी दोन तास उशिरा आली तर बाईमाणसानं जायचं कुठं? जवळच्या हॉटेलात चहा मागवून तिथलं स्वच्छतागृह वापरावं लागतं. मधुमेही आजोबांची तीच गत. दिवाळीच्या आठवड्यात तर इथं उभं राहायलाही जागा नसते आणि अंधारात मागून येणारी दुचाकी दिसत नाही.

विमानतळांच्या उद्घाटनाला मंत्री येतात, यावंच. पण या शहराचे कारखाने आणि कंपन्या चालवणारी माणसं गावी जातात ती इथून. ज्यांच्या हद्दीत हा रस्ता येतो त्यांनी एक शेड, दिवे, पाण्याचा नळ, बायकांसाठी स्वच्छ शौचालय आणि कुठली गाडी कुठं थांबेल त्याचा फलक, एवढं पुढच्या पावसाळ्याआधी करावं. ट्रॅव्हल्सवाल्यांकडून थांब्याचं भाडं घ्या, पण करा.