आधी दात मोजा

चारोटी नाक्यावर मुंबई-अहमदाबाद महामार्ग, म्हणून आमच्या पोरांना पळणारी गाडी हवी. मी गॅरेजवाला, माझं मत उलटं. मोटरसायकल ट्रायल्समध्ये, म्हणजे दगडधोंड्यांवरून गाडी नेण्याच्या स्पर्धेत, वेग मोजत नाहीत, पाय टेकला की गुण जातात. गाडी माणसाच्या चालीने, क्लच न जाळता दगडावर चढली पाहिजे.

त्याचा उपाय चेनच्या दातेरी चक्रांत आहे. पुढच्या चक्राला १४, मागच्याला ४२ दात म्हणजे गुणोत्तर ३. पुढे १३ केले की ३.२३, मागे ४५ टाकल्यासारखंच, पण स्वस्तात, चेनही वाढवावी लागत नाही. फार खाली मात्र जाऊ नका. लहान चक्रावर चेन लवकर झिजते.

सूर्या नदीच्या गोट्यांत सराव करायचाय? आधी पुढचा एकच दात कमी करा. टॉप स्पीड थोडा जाईल, जाऊ द्या. मोठ्या इंजिनासाठी कर्ज काढण्यापेक्षा हे शहाणपणाचं.