पाण्याचे दान कोठे द्यावे?

महाळुंगे-चाकण पट्ट्यात कारखान्यांभोवती वस्ती झपाट्याने वाढली. अशा वस्तीत पुष्कळदा पिण्याचे पाणी टँकरने अथवा जारने येते. साहजिकच, शुद्ध पाण्यासाठी झटणाऱ्या संस्थांना देणगी द्यावी काय, हा प्रश्न व्यापारी कुटुंबांपुढे येतो.

हेतू शुद्ध असला तरी परिणाम शुद्ध असतोच असे नाही. बांगलादेशात १९७० च्या दशकापासून रोगराई टाळण्यासाठी लाखो कूपनलिका खोदल्या गेल्या. पुढे १९९० च्या दशकात त्यांतील असंख्य नलिकांच्या पाण्यात आर्सेनिक आढळले. पाणी निर्मळ दिसत होते. त्याची आर्सेनिकसाठी तपासणी मात्र झाली नव्हती.

म्हणून देणगीपूर्वी दोन प्रश्न विचारावेत. पाण्याची तपासणी कोण व किती वेळा करते? भारतीय मानक १०५०० नुसार पिण्याच्या १०० मिलिलिटर पाण्यात ई-कोलाय जिवाणू मुळीच आढळू नये. दुसरा प्रश्न : तीन वर्षांनी गाळणी बदलण्याचा व विजेचा खर्च कोण देणार?

पाणी गाळल्यावर गाळण्यातील जीव मूळ जलाशयात परत सोडण्याची जैन घरांतील रीत हेच शिकवते, की गाळले म्हणजे काम संपले असे नव्हे.

उत्तरे समाधानकारक असतील, तर विलंब न करता द्यावे. मात्र रकमेचा काही भाग देखभालीसाठी राखून ठेवावा. नव्या बांधकामावर दात्याचे नाव कोरले जाते, दुरुस्तीवर कोणाचेच नाही. तरीही तहान भागते ती दुरुस्तीमुळेच.