सुट्टी छाटली, ग्रंथालये तरी उघडा

2025 मध्ये पहिली ते नववीच्या वार्षिक परीक्षा 25 एप्रिलपर्यंत लांबवण्याचा निर्णय महाराष्ट्राच्या राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने घेतला. त्यावर शिक्षक बोलले, मुख्याध्यापक बोलले, पालक बोलले. उन्हाचा प्रश्न निघाला, निकालपत्रांचा निघाला, गावच्या तिकिटांचाही निघाला. उरलेल्या सुट्टीत मुले काय वाचणार आणि कुठे वाचणार, हे कोणीच विचारले नाही. शिक्षण खात्याला ते सुचले नाही. ज्याच्या अखत्यारीत ग्रंथालये येतात त्या उच्च व तंत्रशिक्षण खात्यालाही नाही. आमचा संताप याबद्दल आहे.

मराठीच्या अभिजात दर्जाचे ढोल आपण ऑक्टोबर 2024 पासून वाजवतो आहोत. या भाषेत मुलांसाठी छापलेले पहिले पुस्तक मुंबईत निघाले नाही, पुण्यातही नाही. ते 1806 मध्ये तंजावरात निघाले. इसापाच्या गोष्टींचा सखण्णा पंडितांनी केलेला तो मराठी अनुवाद, ‘बालबोध मुक्तावली’. मुंबईत सदाशिव काशिनाथ छत्रे यांचे ‘बालमित्र’ यायला अजून 22 वर्षे होती. कंपनी सरकारने 1799 मध्येच तंजावरच्या दुसऱ्या सरफोजी राजांचा कारभार काढून घेतला होता. हाती किल्ला आणि तनखा एवढेच उरले होते. त्या तनख्यातून त्यांनी देवनागरी खिळ्यांचा छापखाना घातला, नवविद्याकलानिधी शाळा चालवली, सरस्वती महाल हे ग्रंथालय ग्रंथांनी भरले आणि मुलांच्या हाती गोष्टींचे पुस्तक दिले. राज्य गेलेल्या राजाला जे जमले, ते पूर्ण राज्य हाती असलेल्या सरकारला का जमू नये?

तंजावरचा हा सरस्वती महाल 1918 पासून लोकांसाठी खुला आहे. तिथे मराठीची हजारो हस्तलिखिते आहेत, मोडी दफ्तरांचे गठ्ठे आहेत. अभ्यासक महाराष्ट्रातून तिथे जातात, भारावतात, परततात. पण त्याच गावातल्या मराठी घरांत मुले तंजावरी मराठी बोलतात आणि त्यांतल्या बहुतेकांना देवनागरी वाचता येत नाही. मे महिन्यात तिथे मराठी गोष्टींचा एक वर्ग भरवावा, चार पेट्या पुस्तके पाठवावीत, एवढे तरी महाराष्ट्राने करायला हवे.

तामिळनाडूने मात्र ग्रंथालयाची कदर केली. मद्रास प्रांत असताना 1948 मध्येच कायदा केला, घरपट्टीवर ग्रंथालय कर बसवला आणि तो पैसा जिल्ह्याजिल्ह्यातल्या ग्रंथालयांना बांधून दिला. त्या कायद्यामागे उभे असलेले ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन हे जुन्या तंजावर जिल्ह्यातल्या शियाळीचे. त्याच जिल्ह्यात, मन्नारगुडीच्या आसपासच्या खेड्यांत, 1931 मध्ये बैलगाडीतून पुस्तके फिरली. वाचक येत नसेल तर पुस्तकाने त्याच्याकडे जावे, ही समज तेव्हाची आहे.

आपल्याकडे 1967 चा ग्रंथालय कायदा आहे, पण त्यात कर नाही. अ, ब, क, ड असे वर्ग आहेत आणि वर्गागणिक तुटपुंजे अनुदान. ते हप्त्यांनी येते, उशिरा येते. ग्रंथपालाला मिळणाऱ्या पगारात घर चालत नाही. त्याने भर उन्हाळ्यात मुलांसाठी नवे काही उभारावे ही अपेक्षा कोणत्या तोंडाने करायची? म्हणून बालविभाग म्हणजे कुलूपबंद कपाट, आणि वाचनकक्ष स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेला दिलेला. त्या उमेदवारांचा दोष नाही, त्यांनाही जागा हवीच. पण दहा वर्षांच्या पोराला ग्रंथालयात बसायला खुर्ची नसेल, तर विशीत तो तिथे फक्त प्रश्नसंच सोडवायलाच येईल.

सातारा जिल्ह्यातले भिलार 2017 मध्ये पुस्तकांचे गाव झाले, ते चांगलेच झाले. पण प्रत्येक मूल भिलारला जाऊ शकत नाही. त्याच्या गल्लीतले वाचनालय सकाळी उघडे हवे, तिथे अनामत न मागता पुस्तक घरी न्यायला मिळाले पाहिजे आणि आठवड्यातून एकदा कोणीतरी गोष्ट वाचून दाखवली पाहिजे. याला फार पैसा लागत नाही. अ आणि ब वर्गाच्या ग्रंथालयांना मे महिन्याच्या बालवाचनासाठी वेगळे अनुदान सरकारने याच आठवड्यात जाहीर करावे आणि ते आगाऊ द्यावे. पुढच्या अधिवेशनात ग्रंथालय कराचे विधेयक आणावे.

पालकांनीही शासन आदेशाची वाट पाहू नये. उद्याच मुलाला घेऊन जवळच्या वाचनालयात जा आणि बालविभागाचे कपाट उघडायला सांगा.